फक्त मेंढरं आत

मुंजाबाला कोणी काही विचारलं की उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे. माहीत असो की नसो. पिशोरच्या बाजारात एखाद्या परक्या माणसाने भलत्यालाच रस्ता विचारला तरी हा मध्ये तोंड घालायचा, आणि वर त्या माणसाला अर्ध्या वाटेपर्यंत सोडून यायचा. "इच्यारलं कुणाला अन् सांगतंय कोण," असं त्याची बायको कस्तुराबाई चाळीस वर्षं म्हणत आली होती. मुंजाबाला ते पटायचं. पटून फरक पडायचा नाही, एवढंच.

म्हणून त्या हिवाळ्यात माळाखाली एक जीप थांबली आणि तिच्यातून तिपाई, यंत्रं आणि कागदाच्या सुरळ्या घेतलेली चार माणसं उतरली, तेव्हाच पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं.

ती माणसं का आली होती ते आधी सांगायला हवं. दिल्लीत असं ठरलं होतं की कोळसा जाळून वीज करणं हळूहळू कमी करायचं आणि उन्हावरची वीज वाढवायची. किती वाढवायची, कोणत्या सालापर्यंत, याचा एक भलामोठा आकडा निघाला. मुंबईत त्या आकड्याचे तुकडे पडले, जिल्ह्याजिल्ह्याला वाटले गेले. त्यात शेतकऱ्यांची जुनी ओरड मिसळली, की रात्रीची वीज पुरे झाली, पाणी द्यायला दिवसा वीज द्या. मग तोडगा निघाला: वीज उपकेंद्राच्या आसपास जे गायरान असेल तिथं उन्हाच्या प्लेटा बसवायच्या आणि ती वीज दिवसा शेतीच्या लाइनीला सोडायची. गायरान सरकारचं. तिथं जनावर चरतं, पण जनावराच्या नावाचा सातबारा नसतो, त्यामुळे भांडायला कोणी येत नाही. असा तो दिल्लीचा आकडा घरंगळत घरंगळत कन्नड तालुक्यात आला आणि मुंजाबा जिथं दुपारची भाकर सोडायचा नेमक्या त्या माळावर येऊन थांबला.

थांबला असंही म्हणता येणार नाही. मुंजाबानेच त्याला हाताला धरून तिथं नेलं. निदान तो स्वतः वर्षभर तसंच समजत होता.

ती माणसं आधी पलीकडच्या खडकाळ उताराकडे निघाली होती. मुंजाबा काठीवर हनुवटी टेकून पाहत होता. त्याला कोणी हाक मारली नव्हती. तरी तो खाकरला आणि म्हणाला, "सायेब, काय पाह्यता?"

"ऊन पाहतोय, मामा," त्यांतली एक तरुण मुलगी हसून म्हणाली. ती सोनिया, शहरातून आलेली इंजिनिअर. वडील वैजापूरकडचे शेतकरी, पण हिचं सगळं शिक्षण शहरात झालेलं.

ऊन पाहताहेत! मुंजाबाची छाती फुगली. साठ वर्षं उन्हात काढलेल्या माणसाला उन्हाबद्दल विचारणारं कोणीतरी अखेर आलं होतं. "तिकडं काय घंटा ऊन पडतंय? पौषात तीन वाजले की तिथं सावली. हिकडं या." आणि त्याने त्यांना आपला माळ दाखवला. सकाळी पहिलं ऊन इथं, संध्याकाळी शेवटचं इथं. एक झाड आड येत नाही. पाऊस पडला तर पाणी थांबत नाही. वारा कुठून येतो, धूळ कोणत्या महिन्यात उडते, सगळं सांगितलं. सोनियाने वहीत लिहून घेतलं. मुंजाबाचं बोलणं जन्मात पहिल्यांदाच कोणी लिहून घेत होतं. तिने हात आखडला नसता तर त्याने गवताच्या जातीही सांगितल्या असत्या. पवना, मारवेल, कुंदा. खरं तर तेही सांगितलंच.

ग्रामसभेत सरपंच आप्पासाहेबांनी ठराव वाचला. आप्पासाहेब वीस एकरांचे मालक, विहिरी तीन, आणि दिवसा वीज येणार म्हणून इतके खूश की त्यांनी भरसभेत मुंजाबाला उभं केलं. "जागा ह्या माणसानं दाखवली," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मुंजाबाने हात जोडले, चार शब्द बोला म्हटल्यावर चाळीस बोलला, आणि ठरावावर सही करताना आपलं नाव पहिलं यावं म्हणून दोघांना कोपराने बाजूला सारलं.

त्याच्या डोक्यात हिशोब साधा होता. प्लेटा वर, मेंढरं खाली. ऊन प्लेटांनी खायचं, गवत मेंढरांनी. कुंपणाबद्दल कोणी बोललंच नाही, आणि सगळ्या जगाला न विचारता उत्तरं देणाऱ्या मुंजाबाला तो एक प्रश्न काही सुचला नाही. कुंपण झालं, वर काटेरी तार आली, गेट लागलं, गेटावर गावातलाच फकिरा वॉचमन म्हणून बसला. पहिल्या दिवशी मुंजाबा कळप घेऊन गेला तर फकिरा खुर्चीतून उठत म्हणाला, "आत जाता येत नाय, मामा. वरून ऑर्डर हाय."

"आरं, पण जागा म्या दाखवली!"

"त्येच तर," फकिरा म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. त्यामुळे ते जास्तच लागलं.

त्यानंतरचा पावसाळा पावसाळ्यासारखा आलाच नाही. मृगात शिंतडलं, आषाढात दोन बऱ्या सरी आल्या, आणि मग आभाळ जे कोरडं पडलं ते पडलंच. दिवसाची वीज मात्र ठरल्या तारखेला आली. सकाळी नऊला मोटारी चालू व्हायच्या आणि दहा मिनिटांत विहिरी तळ दाखवायच्या. आप्पासाहेब विहिरीत वाकून पाहायचे आणि म्हणायचे, "वीज फुल हाय, पण खेचू काय?" गावाला पाण्याचा टँकर दिवसाआड. आणि कुंपणाच्या आत दर आठवड्याला एक टँकर वेगळा यायचा, प्लेटांवरची धूळ धुवायला.

"काचंला आंघोळ हाय, मान्साला नाय," कस्तुराबाई हंड्यांच्या रांगेत उभी राहून मोठ्याने म्हणायची. सगळ्या बाया माना डोलवायच्या आणि मग एकदम मुंजाबाच्या घराकडे बघायच्या. मुंजाबा त्या वेळी घरात असला तर मागच्या दाराने बाहेर पडायचा.

एरवी अशा वर्षी तो कळप घेऊन खाली बिडकीनकडे उतरला असता. तिकडे त्याचा बाप, आजा शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे. धनी जेवायला घालायचा, वर धान्य द्यायचा. आता त्या रानांतून सहा पदरी रस्ते गेले होते. भिंती, कारखान्यांच्या पाट्या, आणि मधल्या रिकाम्या जागेतसुद्धा पाऊल ठेवायची सोय नाही. मुंजाबाचा लेक रामेश्वर तिथंच एका कारखान्यात कंत्राटावर होता. बाप जिथं मेंढरं घेऊन चालत जायचा, तिथं लेक आता कंपनीच्या बसने जायचा. सुट्टीला आला की एकच विषय.

"आबा, इका आता. त्रेचाळीस राह्यलेत. आजून महिनाभर ठिवलेत तर कातडी इकावी लागंल."

"इकून म्या काय करू?"

"माझ्याकडं या. खोली हाय."

मुंजाबाने एकदा ती खोली पाहिली होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची. तिथं बसून कोणाला रस्ता सांगणार? पण लेक खोटं बोलत नव्हता. मेंढरांच्या फासळ्या मोजता येत होत्या. पिशोरच्या बाजारातला कसाई दोनदा येऊन कळपाकडे नुसता बघून गेला होता. तिसऱ्या वेळी तो बघून जाणार नाही, हे मुंजाबाला ठाऊक होतं, आणि त्या विचाराने त्याला भाकर गोड लागत नव्हती.

आणि सबंध शिवारात हिरवं गवत होतं ते एकाच ठिकाणी. कुंपणाच्या आत. प्लेटांची सावली आणि धुण्याचं पाणी, दोन्ही मिळून पवना कमरेला लागला होता. मेंढरं जाळीला तोंडं लावून उभी राहायची. मुंजाबाही त्यांच्या मागे उभा राहायचा. लांबून बघणाऱ्याला चव्वेचाळीस वाटली असती.

शेवटी त्याने फेटा नीट बांधला आणि सोनियाकडे गेला. ती आता त्या जागेचं सगळं बघायची. आठवड्यातून तीन दिवस तिथल्या पत्र्याच्या खोलीत बसायची. मुंजाबाने बोलणं घोकून नेलं होतं.

"मॅडम, जागा म्या दाखवली. तुमी त्या उतारावर गेला आस्तात तर निम्मी बी वीज झाली नसती. माझा येवढा तर हक हाय का नाय?"

सोनियाने पेन खाली ठेवलं. तिला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "मामा, जागा आधीच ठरलेली होती. उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत, सलग, सपाट, गायरान. असं फक्त हेच होतं. गट नंबर आम्ही येण्याआधीच फायलीत होता. उताराकडे आम्ही रस्ता बघायला चाललो होतो."

"मंग ते वहीत लिवलं ते?"

"गवताची नावं आवडली म्हणून लिहिली."

मुंजाबाला आधी हलकं वाटलं. वर्षभराचा धोंडा छातीवरून उतरला. आणि लगेच त्याला राग आला, इतका की कान तापले. वर्षभर तो गावाच्या शिव्या खात होता, मागच्या दाराने पळत होता, रात्र रात्र स्वतःला कोसत होता, आणि ते सगळं फुकट! त्याने तोंड उघडलं नसतं तरी माळ गेलाच असता. एवढं मोठं पाप हातून झालं म्हणून तो मनातून थोडा ऐटीत होता, हे त्याला तेव्हा कळलं. आता तेही गेलं.

"मग गवताचं काय करनार?" त्याने पडेल आवाजात विचारलं.

"तेच डोकं खातंय. गवताची सावली खालच्या प्लेटांवर पडते, वीज घटते. मुंबईहून रोज विचारतात. आणि वाळलं तर आगीची भीती. सोमवारी तणनाशकाचा फवारा मारणार आहोत."

फवारा! मग ते गवत कोणाच्याच कामाचं नाही. मुंजाबाचं तोंड पुन्हा एकदा त्याच्या पुढे धावलं. "मॅडम, माझी मेंढरं आत सोडा. दहा दिसात साफ. एका वायरीला तोंड लावनार नाहीत. माझ्या शब्दाबाहेर नाय माझा कळप. बस म्हनलं की बसतो, ऊठ म्हनलं की उठतो."

सोनियाने विचार केला. फवाऱ्याचा खर्च नको, वासही नको. तिलाही ते बरंच वाटलं असावं. "शुक्रवारी एक दिवस बघू," ती म्हणाली.

शुक्रवारी कळप गेटातून सुरळीत आत गेला. पुढे तांबडी शेळी, तिच्यामागे बाकीच्या दोन शेळ्या, मग त्रेचाळीस मेंढरं, आणि सगळ्यात मागे मुंजाबा, काठी खांद्यावर आडवी टाकून, मालकाच्या तोऱ्यात. पाच मिनिटं छान गेली. मग तांबडीने मान वर केली. समोर उतरती, गुळगुळीत, चढायला सोयीची निळी काच. शेळीला उंच काही दिसलं आणि ती चढली नाही, असं आजवर झालेलं नाही. सोनिया ओरडेपर्यंत तांबडी वरच्या टोकाला उभी राहून तालुका न्याहाळत होती. बाकीच्या दोघी वाटेत होत्या.

काच फुटली नाही हे नशीब. सोनियाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. "शेळ्या आत येणार नाहीत," ती म्हणाली. "फक्त मेंढरं आत. उद्या शेवटचं. नाही जमलं तर सोमवारी फवारा."

"मेंढरांचंच तर बोल्लो हुतो म्या," मुंजाबा म्हणाला.

शनिवारी बघायला निम्मं गाव आलं होतं. आप्पासाहेब खुर्ची घेऊन आले. रामेश्वर सुट्टीवर होता, तोही आला. शेळ्या बाहेर बाभळीला बांधल्या. फकिराने गेट सताड उघडलं. मुंजाबाने ऐटीत काठी उचलली आणि तोंडाने आवाज काढला.

एक मेंढरू हललं नाही.

त्याने पुन्हा आवाज काढला. शीळ घातली. मागून हुसकलं, तर कळप गेटापर्यंत जाऊन दोन बाजूंना फुटला आणि वळसा घालून बाभळीपाशी, तांबडीच्या भोवती जमा झाला. त्याने एक मेंढा पाय धरून ओढत आत नेला. मेंढ्याने आजूबाजूच्या चकचकीत निळ्या रांगा पाहिल्या, कुठून तरी येणारी यंत्राची गुणगुण ऐकली, आणि मुंजाबाला आडवा पाडून बाहेर पळाला.

"मुंजाबा, ऐकत नाय का रं तुझं?" आप्पासाहेब खुर्चीतून म्हणाले.

"ऐकतेत की," मुंजाबा फेटा झटकत म्हणाला. "आज जरा लाजतेत."

लोक हसले. सोनियाने घड्याळ पाहिलं. रामेश्वर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या. बाजारात बोलून ठिवू का?" लेकाच्या आवाजात चेष्टा नव्हती, दया होती. मुंजाबाने त्रेचाळीस मेंढरांकडे पाहिलं आणि त्याला ब्रह्मांड आठवलं.

तेव्हा कस्तुराबाई गर्दीतून पुढे आली. "आवो," ती म्हणाली, "चाळीस वर्सं तुमी कळपाच्या मागं चालता. मेंढरांनी तुमचं तोंड कवा पाह्यलंय? त्यांना तांबडीची शेपटी म्हाईत."

"मंग म्या काय करू?"

"पुढं व्हा."

आणि तिने तांबडीच्या गळ्यातली घंटी सोडली आणि सगळ्या गावादेखत नवऱ्याच्या गळ्यात बांधली. गाठ घट्ट आहे का तेही ओढून पाहिलं. "उभं नका ऱ्हाऊ. वाका. शेळी दोन पायावर चालती का?"

मुंजाबाने एकदा आप्पासाहेबांकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. मग काठी टाकली, फेटा काढून बायकोच्या हातात दिला आणि गुडघे-हात टेकले.  गर्दीत जे हसू फुटलं ते थांबेना. तो रांगत गेटातून आत शिरला. मान हलवली, घंटी वाजली. आता आलोच आहोत तर पुरतंच होऊ द्या, असं म्हणून त्याने तांबडीसारखं बें-बें करूनही पाहिलं. ते इतकं हुबेहूब जमलं की बाहेरून तांबडीने उत्तर दिलं, आणि मुंजाबाला त्या परिस्थितीतही थोडा अभिमान वाटला.

खडे गुडघ्यांत रुतत होते. मागे वळून पाहायची सोय नव्हती. शेळी कधी मागे वळून पाहत नाही. तो पहिल्या रांगेखाली शिरला. वर काच, खाली गार सावली, दोन्ही बाजूंना पवना नाकाला लागेल एवढा. साठ वर्षं तो या माळावर होता, पण माळ इतक्या खालून त्याने कधी पाहिला नव्हता. घंटी वाजवत तो दुसऱ्या रांगेखाली गेला. बाहेरचं हसणं अचानक थांबलं. का थांबलं ते त्याला कळेना. मग त्याच्या टाचेला काहीतरी ओलं, गरम लागलं. मेंढराचं नाक होतं ते. आणि मग त्याच्या मागून, बाजूंनी, सगळीकडून एकच आवाज सुरू झाला, गवत दाताखाली कराकरा तुटण्याचा.

मुंजाबा तसाच, चार पायांवर, थांबला आणि रडला. इतका आनंद त्याला रामेश्वर झाला तेव्हाही झाला नव्हता. तसं मनात आल्याची त्याला लगेच लाज वाटली, पण रडणं काही थांबलं नाही.

फवारा रद्द झाला. सोमवारी सकाळी सातला मुंजाबा कळपासह गेटावर हजर झाला. तांबडी बाभळीला, घंटी याच्या गळ्यात. फकिराने उठून नमस्कार केला आणि रजिस्टर उघडलं. आत जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायची, अशी आता वरून ऑर्डर होती.

"नाव म्हाईत हाय, गाव म्हाईत हाय," फकिरा लिहीत म्हणाला. "कामाच्या रकान्यात मेंढपाळ लिव्हतो, मामा."

"खोड ते," मुंजाबा म्हणाला. "मेंढपाळ तिकडं बाभळीला बांधल्याली हाय."

"मंग तुमचं काय लिवू?"

मुंजाबाने आत पाहिलं. निळ्या रांगांवर नुकतंच ऊन आलं होतं. या माळावर ते सगळ्यात आधी येतं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. आणि या वेळी त्याने ते कोणाला सांगितलंही नाही.

"बदली कामगार लिव," तो म्हणाला.

फकिराने लिहिलं आणि वही पुढे केली. आपल्याच माळावर जायला मुंजाबाने आयुष्यात पहिल्यांदा सही केली, आणि गुडघे टेकून आत गेला.